तीनच्या एसटीने गेलेला निकाल

आम्ही वार्ताहर चहाला बसलो की बातम्या संपतात आणि बबनअण्णा सुरू होतात. अण्णा निरगुडसरचे, वीस वर्षं एकाच पेपरला बातम्या देणारे. दोन हजार साल उजाडता उजाडता पेपरने फर्मान काढलं, पत्रकारितेचा कोर्स पास व्हा, नाहीतर काम सोडा. अण्णांचा सगळा जीव त्या कामात. आम्ही सहाजण मंचरला वर्गात जाऊन बसलो. पन्नाशीचे अण्णा पहिल्या बाकावर.

पुण्याचे सर म्हणाले, "महत्त्वाचं आधी लिहा. जागा कमी पडली की बातमी खालून कापतात."

अण्णांनी हात वर केला. "सर, आमच्याकडं खाली उपस्थितांची नावं असत्यात. नाव कापलं की मानूस सकाळी दारात हजर."

सरांनीच ते वहीत लिहून घेतलं.

पुढचा धडा, दोन्ही बाजू घ्या. त्याच आठवड्यात बिबट्याने उसाच्या कडेची शेळी नेली. अण्णांनी शेळीवाल्याचं म्हणणं सविस्तर दिलं आणि शेवटी लिहिलं, 'बिबट्याशी संपर्क होऊ न शकल्याने त्याची बाजू समजली नाही.' दहापैकी नऊ मार्क! एक कशाचा कापला, ते आम्ही अजून शोधतोय.

मग वाचकांच्या सर्वेक्षणाला आहुप्याला गेलो. तिथं पेपर दुसऱ्या दिवशी पोचायचा. मी प्रश्नावलीतलं विचारलं, "शिळी बातमी वाचता का?"

एक आजोबा म्हणाले, "आमच्यापत्तुर येती तवा ती ताजीच असती, राव."

पण अण्णांची खरी खोड वेगळी. बातम्यांचं पाकीट तीनच्या एसटीने पुण्याला जायचं आणि कार्यक्रम व्हायचे पाचला. मग अण्णा कार्यक्रम आधीच लिहून टाकत, भाषणांसकट. सरांना हे कळलं तेव्हा ते भडकले. "घडण्याआधी लिहिलंत तर नापास करीन." अण्णांपेक्षा आम्हालाच घाम फुटला.

निकाल आणि प्रमाणपत्रं, दोन्ही एकाच संध्याकाळी पाचला होती. नेमकी सरांची गाडी खेड घाटात बंद पडली आणि कार्यक्रम दुसऱ्या सकाळवर गेला. पेपर मात्र वेळेवर आला. 'सहाही वार्ताहर उत्तीर्ण, बबनराव पहिले. सरांचे हृदयस्पर्शी भाषण.'

सर तोच पेपर हातात घेऊन हॉलमध्ये शिरले. अण्णा खाली मान घालून उभे राहिले. "चुकलं, सर. नापास करा. तीनची एसटी व्हती."

सर माइकसमोर गेले, चष्मा लावला, पेपरची घडी उलगडली आणि आपलं भाषण वाचायला लागले.

टाळ्यांचा कडकडाट कुठे झाला, तेही छापलेलं होतं. आम्ही तिथं तिथं वाजवल्या.