सिस्टरांचा चारचा ट्रक

बिघडलेल्या कोणत्याही वस्तूचा सिस्टर आधी ताप बघत. मिक्सर असो, पाण्याची मोटर असो, की माझा जुना रेडिओ. प्रत्येक वस्तूला कपाळ असते याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. हाताची मागची बाजू त्या कपाळावर टेकवून, डोळे मिटून त्या क्षणभर थांबत आणि निदान सांगत, “अंग गरम न्हाई. पोटातलं दुखणं हाय.” मग पोट उघडायचे काम माझ्याकडे येई.

मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या या नर्सबाईंच्या शिरूरच्या घरात, मिशनच्या वस्तीत, वरच्या खोलीत मी भाड्याने राहत असे. महाविद्यालयात कविता शिकवीत असे. पाने, पाऊलवाटा आणि विरामचिन्हे यांखेरीज मला कशातले फारसे कळत नव्हते; पण इंग्रजी वाचता येते एवढ्या भांडवलावर सिस्टरांनी मला त्यांच्या यंत्राचा डॉक्टर नेमले. ते यंत्र म्हणजे गेमिंगचा काँप्युटर. बैठकीच्या खोलीत, बायबलमधल्या वचनाच्या पाटीखाली, विणलेल्या रुमालांच्या आणि फिनेलच्या वासाच्या मधोमध तो निळे-जांभळे दिवे लुकलुकवीत उभा असे.

तो त्यांचा भाचा आशिष याने आणून बसवला होता. आशिषचे वडील, म्हणजे सिस्टरांचे धाकटे भाऊ बाळू, दौंडला राहत. रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीनंतर घशाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचा आवाज कायमचा गेला. फोन निरुपयोगी झाला. “व्हिडिओवर तो नुसते ओठ हलवायचा,” सिस्टर सांगत, “मला काय कळायचं न्हाई, मी रडायची, मग तो चिडून बंद करायचा. मेसेजची अक्षरं शोधायचा त्याला कंटाळा.” सिस्टरांचे गुडघे त्यांना एसटीच्या पायऱ्या चढू देत नव्हते आणि बाळूभाऊंना प्रवास सोसत नव्हता. शिरूर आणि दौंड यांच्यामधला रस्ता तसा ओळखीचा, पण तो त्या दोघांसाठी हळूहळू मिटत चालला होता.

आशिषने दोघांना ट्रक दिले. कोणत्या तरी थंड देशातले रस्ते, त्यावर धावणारे मालाचे मोठे ट्रक, आणि दोन घरांतून तोच एक खेळ. चहा झाला की चार वाजता सिस्टर चष्मा पुसून टेबलाला जोडलेल्या स्टिअरिंगच्या चाकापुढे बसत. पडद्यावर पाइनची झाडे मागे पळत, त्यावर धुके उतरे, आणि सिस्टर त्या परक्या गावांना हक्काने आपल्या दौंडच्या रस्त्यावरची नावे देत. “हे न्हावरं. आता चौफुला लागंल. तिथं पंपापाशी बाळू उभा असंल.” तो खरोखरच उभा असे. एक हॉर्न म्हणजे ‘आलीस का’, दोन म्हणजे ‘चल’. पुढचे दिवे उघडझाप केले की रस्ता मोकळा. आयुष्यभर गाडीच्या शेपटीकडून हिरवा-तांबडा दिवा दाखवीत बोललेल्या माणसाला याहून अधिक भाषेची गरज नव्हती. माइक लावा, तुमचे बोलणे तरी त्यांना ऐकू जाईल, असे मी एकदा सुचवले. सिस्टरांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी वॉर्डात चपला घालून शिरले होते. “त्याला बोलता येत न्हाई, आन् मी बडबडू? मी बी हॉर्नच वाजवणार.”

आणि नेमका हा ट्रक मध्येच मरू लागला.

पडदा एकाएकी काळा होई. झाडे, धुके, रस्ता, सगळे पुसले जाई. सर्वांत क्रूर गोष्ट ही, की आवाज लगेच जात नसे. त्या काळोखातून बाळूभाऊंचा हॉर्न ऐकू येत राही: एक, मग थोडे थांबून पुन्हा एक. ‘आलीस का? आलीस का?’ सिस्टर काळ्या काचेवर हात ठेवून म्हणत, “आले रे बाळू, थांब जरा.” त्यांना ठाऊक होते, की त्याला हे ऐकू जात नाही. मग पडदा उजळे आणि कोपऱ्यात एक कोरडी सूचना उमटे: डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले होते. ट्रक तोवर दरीत गेलेला असे. आशिषने मला फोनवर समजावले होते, की ड्रायव्हर म्हणजे चित्र काढणाऱ्या कार्डाला हुकूम पोचवणारी प्रणाली. मला तो हुकूम गिळून बसणारा एखादा आडमुठा कारकून वाटू लागला. मी त्याचा मनापासून द्वेष केला.

मी जुना ड्रायव्हर काढून नवा घातला. पडदा काळा झाला. नवा काढून त्याच्याही आधीचा घातला. यंत्राने माझ्या नकळत पुन्हा नवा ओढून घेतला आणि पडदा काळा झाला. ते आपोआप होणारे अपडेट बंद केले. खेळातल्या झाडांच्या सावल्या काढून टाकल्या, मग पाण्यातली प्रतिबिंबे, मग धुके. कार्डावरचा भार उतरावा म्हणून ते सुंदर जग मी माझ्या हातांनी उघडेबोडके करीत गेले. केबल बदलली. दुकानातल्या तंत्रज्ञाने तपासले; त्याच्या टेबलावर यंत्र दिवसभर निमूट चालले. तो म्हणाला, “मॅडम, फॉरमॅट मारा, विषय संपवा.” फॉरमॅट मारला. विषय संपला नाही.

भरीला सिस्टरांचा नियम होता: एका वेळी एकच औषध. मी चार उपाय एकदम करू पाहिले की त्या माझे मनगट धरीत. “दोन गोळ्या एकदम दिल्या, तर गुण कशानं आला ते कळंल का?”

“सिस्टर, गुण येऊ दे, कशाने का येईना!”

“तसं न्हाई चालत, बाई. आज एक. उद्या दुसरं.”

असा माझा एकेक दिवस एकेका गोळीवर खर्च होई. मी जिना उतरून येई, काँप्युटर चालू करी, माझ्यासमोर तो तासभर कोकरासारखा चाले. मी वर जाऊन वह्या तपासायला बसे, आणि खालून हाक येई, “मेला गं परत!” मला रडू येई. एकदा मी विचारले, “तापतो का तो? हात लावून पाहिला का?”

“पाहिला की. गरम हाय. पण खेळून आल्यावर कुणाचं अंग गरम होत न्हाई?”

मी पुन्हा वह्या तपासायला वर गेले.

उसाच्या हंगामातली एक दुपार. ट्रॅक्टरांनी रस्ता अडवल्यामुळे एका कामासाठी मला तळेगावला नेणारी जीप सुटलीच नाही, आणि मी अवेळी घरी परतले. दार नुसते लोटलेले होते. सिस्टर चाक धरून बसल्या होत्या, चौफुल्याच्या अलीकडे. आणि त्यांच्या पायाशी तो काँप्युटर गळ्यापासून पायापर्यंत तपकिरी लोकरी शालीत गुंडाळलेला होता. टोके नीट खोचलेली. आत पंखा गुदमरल्यासारखा घरघरत होता, आणि खोलीत तापलेल्या लोकरीचा, धुळीचा, इस्त्रीखाली कापड करपल्यासारखा वास भरला होता.

“सिस्टर! हे काय?”

“थरथरत हाय गं ते. खेळ सुरू झाला की हुडहुडी भरते बघ त्याला.”

“तो पंखा आहे! गरम झाला की तो जोरात फिरतो, म्हणून थरथरतो! तुम्ही त्याला रोज शाल पांघरता?”

“रोज म्हंजी, थरथरला की.”

“मग मी येते तेव्हा कुठे असते ही शाल?”

त्यांना माझ्या अज्ञानाचे आश्चर्य वाटले. “डॉक्टर राउंडला आले की पांघरूण काढून, घडी घालून ठेवायचं असतं. उघडा पेशंट नको का दिसायला?”

मी खाली जमिनीवर बसले. एवढे ड्रायव्हर, एवढी प्रतिबिंबे, एवढे धुके! मी खूप ओरडले. सिस्टरांनी खेळ थांबवला, बाळूला दोन हॉर्न दिले, शाल सोडवून मांडीवर घेतली आणि माझा आवाज बसेपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “थरथरणाऱ्याला उघडं टाकायचं मला जमलेलं न्हाई कधी. आता तू म्हणतीस तर टाकते.”

त्यानंतर पडदा रोज काळा होईनासा झाला. मात्र अधूनमधून तो होतच राहिला. बहुधा त्या उबेत कार्डाचे काही तरी कायमचे दुखावले होते. नेमके काय, ते मला शेवटपर्यंत सापडले नाही. मी धुके परत लावून दिले. सावल्या परत दिल्या. शाल खुर्चीच्या पाठीवर गेली, पण ट्रक चढाला लागून पंखा घरघरला की सिस्टरांचा हात नकळत तिच्याकडे जाई आणि माझी चाहूल लागली की परत येई.

पुढच्या थंडीत सिस्टर गेल्या. दवाखान्यात नेण्याइतकाही अवधी त्यांनी दिला नाही. एवढी वर्षे इतरांच्या उशाशी उभ्या राहिलेल्या बाईंनी स्वतःच्या उशाशी कोणाला उभे राहू दिले नाही. आशिषने बाळूभाऊंना गाडीतून आणले. कबरीवर मूठभर माती टाकून ते माझ्याजवळ आले, माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि त्यांचे ओठ हलले. मला काही कळले नाही. मी रडले. ते मान फिरवून गाडीकडे गेले.

किल्ली माझ्याकडे होती. काही दिवसांनी, चार वाजता, मी खाली गेले. खोलीत फिनेलचा वास अजून विरळसा होता. काँप्युटर चालू केला. सिस्टरांचा ट्रक पंपापाशी, त्यांनी ठेवला तसाच उभा होता. शेजारी दुसरा ट्रक होता. त्यात कोणी असेल असे मला वाटले नव्हते. पण मी चाकाला हात लावताच त्या ट्रकचा एक हॉर्न वाजला.

मी एक हॉर्न दिला. मग बराच वेळ काहीच नाही. मग दोन.

मला ट्रक चालवता येत नव्हता. मी कठडे घासत, झाडांना धडकत त्यांच्या मागून निघाले. वळणावर धुके दाटले, पंखा घरघरू लागला, आणि पडदा काळा झाला. काळोखातून हॉर्न आला: एक. थांबून पुन्हा एक. मी उलटा हात त्या यंत्राच्या कपाळावर ठेवला. ते तापले होते, थरथरत होते. शाल मी माझ्या खांद्यावर ओढून घेतली.

“आले हं भाऊ,” मी काळ्या काचेला म्हणाले, “थांबा जरा.”

चित्र परत आले तेव्हा रस्त्याच्या कडेला, धुक्यात, त्यांचा ट्रक थांबलेला होता, आणि त्याचे दोन्ही बाजूंचे दिवे लुकलुकत होते.