स्टुलावरचा वन बाय सिक्स्टी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर दारातूनच परत पाठवत आले. चाळीस वर्षं फोटोग्राफी केली. गेलेल्या माणसांना खुर्चीत बसवून त्यांचे शेवटचे फोटो काढले, डार्करूममध्ये एकटीने ते धुतले आणि घरी येऊन पोटभर जेवले. "फोटोत कोणीतरी दिसतंय" म्हणत कोणी निगेटिव्ह आणली, की डबल एक्स्पोजर, म्हणजे एकाच फिल्मवर दोन फोटो कसे पडतात, ते समजावून सांगायची. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय...

आम्ही कुंभकोणमचे. तंजावरच्या दरबाराबरोबर इकडे आलेल्या मराठी घरांपैकी एक. घरात आमची जुनी मराठी, बाहेर तमिळ. हे तुमच्यासारखं लिहायला मी मासिकं वाचून शिकले, चुकलं तर सांभाळून घ्या. महामहम तळ्यामागच्या गल्लीत आमचा स्टुडिओ. आजोबांकडे काचेच्या प्लेटचा कॅमेरा होता – लेन्सची टोपी काढायची, तोंडाने आकडे मोजायचे, टोपी परत लावायची. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन भिंगांचा कॅमेरा घेतला. बारा फोटोंचा रोल. उजेड मोजायचा मीटर मात्र कधीच घेतला नाही. गरज काय, घरात आई होती.

गिऱ्हाईक आलं की अप्पा आत हाक मारायचे. "बैस तेथे. हालूं नको." हाताचं पीठ पदराला पुसत आई स्टुलावर बसायची. तिचा वर्ण सावळा. एक्स्पोजर ठरवायला कॅमेऱ्याला जो मधला टोन लागतो, नेमका तोच. कॅमेऱ्याच्या काचेवर तिचा चेहरा पाहून अप्पा ॲपर्चर लावायचे, शटर लावायचे – उजेड किती आणि किती वेळ आत घ्यायचा ते – मग म्हणायचे, "ऊठ." तिच्या जागी गिऱ्हाईक बसायचं. अप्पांचा फोटो कधी काळा पडत नाही की पांढरा पडत नाही, अशी ख्याती पार आडुतुरैपर्यंत होती. ख्याती अप्पांची, बरं का.

एकदा मी म्हटलं, आईचाही एक काढा ना. अप्पा हसले. "ग्रे कार्डाचा फोटो कोणी काढतो का?" ग्रे कार्ड म्हणजे उजेड मोजायला समोर धरतात तो करडा पुठ्ठा. आईसुद्धा हसली. मला दोघांच्याही त्या हसण्याचा अजून राग येतो.

मी सतरा वर्षांची असताना ती तापाने गेली, चार दिवसांत. फोटो एकही नाही. लग्नाच्या ग्रुप फोटोत आहे, पण मान इतकी खाली की नुसता भांग दिसतो. गावभरच्या मेलेल्यांचे फोटो काढणाऱ्या माणसाने तिचा तोही काढला नाही. हात चालत नाही म्हणाले. असेल... अप्पा गेल्या वर्षी गेले, नव्वदीत. त्यांचा मी काढलेला तीन फुटी फोटो भिंतीवर आहे, हारासकट. शेजारी, आईच्या जागी, चांदीची कुंकवाची डबी.

यंदा माझ्या मुलीचं, रुक्मिणीचं लग्न ठरलं. आमच्यात लग्नाआधी घरातल्या सवाष्णपणी गेलेल्या बायकांची पूजा करतात, त्यांच्या नावाने नवं लुगडं घडी करून ठेवतात. मी ठरवलं, आईचा चेहरा नाही तर नाही, तिच्या नावाच्या लुगड्याचा तरी फोटो भिंतीवर लावायचा. पूजेच्या दिवशी सकाळी दहाला लुगडं स्टुडिओतल्या स्टुलावर ठेवलं. मागे पांढरा पडदा. डिजिटल कॅमेरा तिवईवर, आयएसओ दोनशे, ॲपर्चर एफ फाइव्ह पॉइंट सिक्स. मीटर स्पॉटवर – म्हणजे मधल्या छोट्या गोलात जे येईल तेवढ्याचाच उजेड कॅमेरा मोजतो.

तिवई बसलेल्या माणसाच्या उंचीला होती, म्हणून गोल लुगड्याच्या बराच वर, रिकाम्या पडद्यावर पडला. पांढऱ्या पडद्यावर मीटरने वन बाय टू फिफ्टी मागायला हवं, म्हणजे शटर सेकंदाचा अडीचशेवा भाग उघडं. त्याने मागितलं वन बाय सिक्स्टी, चौपट वेळ. समोर सावळा चेहरा असला की मागतो, तेवढंच.

मी कॅमेरा डावीकडे वळवला. टू फिफ्टी. स्टुलावर आणला. सिक्स्टी. उजवीकडे, टू फिफ्टी. दहा वेळा केलं. दुसरा कॅमेरा लावला, तेच. रुक्मिणीला बोलावलं, तिने स्वतःच्या डोळ्यांनी आकडे पाहिले.

"अम्मा," ती हळूच म्हणाली, "आजी बसली आहे कां तेथे?"

मी बटण दाबत सुटले. चाळीसेक फोटो काढले असतील. तिवईमुळे एकही हलला नाही. सगळे स्क्रीनवर मोठे करून पाहिले... खाली लुगडं, जरीचा धागा न् धागा स्वच्छ. वर पांढरा पडदा. बाकी काही नाही. उजेड मोजण्यापुरती ती होती, फोटोत नव्हती. त्या कॅमेऱ्याचा आला तितका राग मला अप्पांचाही कधी आला नव्हता.

तेवढ्यात घरातून हाका सुरू झाल्या, भटजी आले होते. रुक्मिणी नटून तयारच होती. मी लुगडं उचललं आणि तिला म्हटलं, ये, तुझे दोन काढून घेऊ, उजेड चांगला आहे. ती क्षणभर स्टुलाकडे बघत राहिली, मग बसली. उजेड नव्याने मोजला नाही, त्याच वन बाय सिक्स्टीवर काढले. माझ्या हातून त्यातल्या पहिल्याहून चांगला फोटो कधी निघालेला नाही, तिच्या सासरच्यांनी तो मोठा करून लावलाय.

त्यानंतर कितीदा तरी तो गोल स्टुलावर आणून पाहिला. टू फिफ्टीच. तिरुचीच्या मेकॅनिकने दोन्ही कॅमेरे खोलून पाहिले, दोष नाही. भाचा इंजिनिअर आहे, तो म्हणतो लुगड्याचा रंग परावर्तित झाला असेल. मग डाव्या-उजव्या बाजूला का नाही झाला?

पण मला झोप लागत नाही ती त्यामुळे नाही. अप्पांना मी जन्मभर बोल लावला, आणि माझी वेळ आली तेव्हा मीही सेटिंग तेवढं घेतलं आणि तिच्या जागेवर दुसऱ्याला बसवलं. "आई, जरा थांब," एवढंसुद्धा म्हणावं, हे माझ्या मनात आलं नाही.