नहराच्या पाळीवर चौघं

ट्रकचा आरसा लागून मुलगी सायकलवरून पडली तेव्हा ती सातवीत होती. कोपराचं हाड मोडलं, बाकी काही नाही. हाड महिन्या-दीड महिन्यात जुळलं, पण मागून हॉर्न आला की ती सायकलवरून उतरून कडेला उभी राहायची आणि गाडी दिसेनाशी झाली तरी हलायची नाही. मी तेव्हाच ठरवलं, हिला एकदा लांबवर सायकलनं न्यायचं. आम्ही चौघांनीच जायचं, मी, नवरा, ती आणि धाकटा मुलगा. रस्ता मात्र असा हवा, की मागून गाडी येणारच नाही.

"असा रस्ता आपल्याकडे आहे कुठं?" नवरा म्हणाला.

शोधायचं काम मी अंगावर घेतलं. देवरीकडचं जंगल मला फार आवडतं, पण तिकडे जायचं म्हणजे हायवेचे ट्रक आलेच. बिरसीचा रस्ता सपाट आहे. मी स्वतः पस्तिशीनंतर सायकल शिकले ती तिथंच, नवऱ्यानं मागून सीट धरून शिकवली. पण तो लगेच संपतो आणि विमानतळाच्या गाड्या चालू असतात. शेवटी आमच्या शाळेतल्या एका मॅडमनी सुचवलं. त्यांचं माहेर अर्जुनी मोरगावकडचं. म्हणाल्या, "धरणाच्या नहराची, कालव्याची पाळ पाहा ना. तोंडाशी लोखंडी दांडा रोवला आहे. फटफटी जाते, चारचाकी घुसतच नाही."

दोन रविवार मी सायकल पॅसेंजरमध्ये घालून एकटी गेले आणि ती पाळ पाहून आले. पाळ कुठं खचली आहे, कुठं उतरून चालावं लागेल, पाणी कुठं मिळेल, सगळं बघितलं. अधूनमधून एखादा गुराखी आणि डोक्यावर धानाचे भारे घेतलेल्या बाया, बस. अर्ध्या वाटेवरच्या गावात एका घरी पाणी मागितलं. घरच्या बाईला विचारलं, नाताळच्या सुट्टीत पोरांना घेऊन आलो तर तुमच्या ओसरीत एक रात्र राहू द्याल का?

"या ना," ती म्हणाली. "नाही कायले म्हणू?"

परतताना गाडीत माझे पाय भरून आले होते, आणि मी इतकी खूश होते की समोरच्या अनोळखी बाईला सगळा रस्ता सांगत बसले.

सुट्टीत निघालो. एक रात्र त्या गावात, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या भागातला प्रतापगड गाठायचा, असं ठरलं होतं. पाळीवर चढल्यावर पहिला थोडा वेळ मुलगी माझ्या मागे मागे होती. मग ती पुढे गेली. मग इतकी पुढे गेली की तिची लाल ओढणी तेवढी दिसत होती. मला रडायला आलं, पण मी कोणाला दाखवलं नाही. नवरा मधूनमधून थांबून फोनवर बोलत होता. मला वाटलं, ऑफिसचं असेल. रात्री त्या बाईनं गरम भात आणि वांग्याची भाजी वाढली. चौघांना कोऱ्या करकरीत मच्छरदाण्या लावल्या. एका ओळखीवर कोणी एवढं करतं, याचंच मला अप्रूप वाटलं.

दुसऱ्या दिवशी एका पुलाशी चहाची टपरी होती. आम्ही सायकली टेकवल्या आणि टपरीवालीनं न विचारताच चार कप पुढे केले.

"तुमचे गाडीवाले सांगून गेले ना बाई, चौघं येऊन राहिले म्हणून."

"आमची गाडी नाही," मी म्हटलं. "दुसऱ्या कोणाची असेल."

मुलगी एकदम कपात बघायला लागली. मुलगा म्हणाला, "काकाची गाडी गं."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं कप खाली ठेवला.

"तू आता कायले एवढं मनाला लावून घेऊन राहिली? सेफ्टीसाठी सांगितलं त्याले. तुला जमलं नसतं मधेच, तर काय केलं असतं?"

"मला विचारायचं तरी होतं."

"तू नाहीच म्हटलं असतं."

म्हणजे माझे दीर आदल्या दिवसापासून गावागावांतून गाडी काढत पुढे जात होते आणि प्रत्येक पुलाशी आमची वाट बघून, मला दिसायच्या आत निघत होते. मच्छरदाण्या त्यांनीच आणून दिल्या होत्या, भाजी-तांदूळही. त्या बाईनं आम्हाला घरात घेतलं ते माझ्या शब्दावर की त्यांच्या सामानावर, हे मला आता कधीच कळणार नव्हतं.

"तुलाही ठाऊक होतं?" मी मुलीला विचारलं.

"बाबा म्हणाले, आईला सांगू नको." मग ती म्हणाली, "काका पुढच्या पुलावर आहे हे माहीत होतं ना. म्हणून मला भीती नाही वाटली."

नवऱ्याचं लपवणं मी एकवेळ गिळलं असतं. हे वाक्य मात्र गिळवेना. कालपासून जी ओढणी बघून माझा ऊर भरून येत होता, ती माझ्या रस्त्यामुळे पुढे गेलेली नव्हती.

"प्रतापगडापर्यंत मी सायकलनंच जाणार," मी म्हटलं. "तू येतेस की गाडीत बसतेस?"

तिनं आधी बापाकडे पाहिलं. मग म्हणाली, "पाय दुखतात गं."

मी निघाले. त्यानंतरची वाट कशी होती ते मला आठवत नाही, म्हणजे मी काही बघितलंच नाही. गडाच्या पायथ्याशी गाडी उभी होती. दीर पाण्याची बाटली घेऊन पुढे आले. "वहिनी, रागावू नका. दादानं सांगितलं म्हणून आलो." त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. मी पाणी प्यायले. बाकीचे गड चढून आले, मी खालीच बसून राहिले.

घरी आल्यावर या प्रवासाची गंमत झाली. पाहुणे आले की नवरा रंगवून सांगतो, मंत्र्यासारखी आमच्या पुढे पायलट गाडी होती म्हणून. सगळे हसतात. त्यात त्याचा वाईट हेतू नाही. मला कशाचं लागलं हे त्याला खरंच कळलेलं नाही, आणि दोनदा समजावून सांगितल्यावर मीही सोडून दिलं.

पुढच्या उन्हाळ्याआधी मुलगी माझ्याजवळ आली. "आई, परत जाऊ या का पाळीवर? आपण दोघीच."

"बाबांना सांगशील?"

"नाही सांगणार."

आम्ही गेलो. नहराला पाणी सोडलेलं होतं, उन्हाळी धानाची रोपं हिरवी झाली होती. तिचा वेग चांगला होता. मी मागून चालले होते, आणि दरवेळी पूल आला की माझी नजर आधी गावाच्या रस्त्याकडे जायची. गाडी कुठंच दिसली नाही. तरी पुढचा पूल आला की मी पुन्हा बघत होते.