संतांच्या तेलाचा भाव

गारुफालिया म्हातारीनं पन्नास वर्षांत गावातली किती हाडं बसवली त्याला गणती नाही, पण कुणाकडून एक अंडंसुद्धा घेतलं नाही. गावचं चर्च संत कोस्मास आणि दामियानोस या वैद्यभावांचं. दोघंही फुकट बरं करायचे. एका बाईनं गळ घातली म्हणून दामियानोसनं तीन अंडी घेतली, तर कोस्मासनं बजावलं, “मेल्यावर मला याच्याशेजारी पुरू नका.” आईनं गारुफालियाला आधी ही गोष्ट शिकवली, हाड बसवायला नंतर.

आणि आता चर्चचा नवा कारभारी फोतिस संतांच्या दिव्यातलं तेल विकायला निघाला! आजवर सणाच्या सकाळी ते आजाऱ्यांना कापसाच्या बोळ्यावर मिळायचं, फुकट. तेल तरी कुणाचं? गारुफालियाच्या जैतुनाच्या झाडांचं, तिनंच वाहिलेलं. मेल्याला लाज म्हणून नाही.

सणाच्या आदल्या दिवशी ‘बाटली पाच युरो’ अशी पाटी ठोकून फोतिस शिडीवरून उतरत होता, तो घसरला. खांदा निखळला. लोकांनी त्याला तिच्याच दारात आणलं.

“मावशी, जीव चाललाय गं!”

“जाऊ दे. त्याचीही बाटली भर.”

“मावशी!”

“आधी ती पाटी उतरवतोस का बोल, मग हात लावते.”

“उतरवतो! संतांची शपथ!”

शपथ ऐकली आणि तिचं तोंड कडू झालं. त्यानं पाच युरो मागितले, तिनं पाटी मागितली; मोल ते मोलच. या नालायकापायी पन्नास वर्षांचं व्रत बुडायला निघालं होतं. त्याच्याहून जास्त संताप तिला स्वतःचा आला.

“तुझी शपथ तुलाच ठेव. मला काही नको तुझ्याकडून.”

तिनं त्याच्या काखेत टाच रोवली, हात ओढला आणि खांदा जागेवर बसवला.

सणाच्या सकाळी पाटी होती तिथंच होती. एक हात झोळीत अडकवून फोतिस दुसऱ्या हातानं बाटल्या विकत होता, आणि गावानं रांग लावली होती.

“शपथ तूच सोडवलीस ना मावशी?” तो दात काढत म्हणाला.

बाटल्या भरून भरून संतांचा दिवा मात्र विझायला आला होता. तिनं घरून आणलेलं तेल त्यात ओतलं. रागाच्या भरात थोडं सांडलंही. मग तिनं कोस्मासच्या तसबिरीकडे पाहिलं.

“तीन अंड्यांपायी सख्ख्या भावाला तोडलंस ना? मग आता का रे तोंड शिवून बसलायस?”