पाणपोईवरच्या चार ओळी

अण्णांचा आवाज मी शेवटचा ऐकला तो फोनवर. ऑलिव्ह कसं लागतं, असं ते विचारत होते. मी म्हटलं, कडू लागतं, आणि आईला फोन द्या म्हणून सांगितलं. त्याच्या पुढच्या रविवारी ते मुद्दाम माझ्याशी बोलायला नाक्यावरच्या फोन बूथवर येऊन बसले होते. मंगळवारी त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. आवाजाची पेटीच काढून टाकणार होते, म्हणजे पुढे जन्मभर बोलणं बंद. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, मला सोडून. मी तेव्हा तुर्कस्तानात, इझमीरच्या पुढे एका डोंगरावरचं जुनं गाव बघत फिरत होतो.

अण्णा म्हणजे माझे वडील. हैदराबादेत अफझलगंजजवळच्या जुन्या बसस्टँडवर तीस वर्षं त्यांनी माइकवरून गाड्या पुकारल्या. देगलूर, उदगीर, नांदेड, बिदर. उर्दूत, मग तेलुगूत, आणि समोर धोतर-पटक्यातली माणसं दिसली की मराठीत. घरीही ते तसंच बोलत. आमटीत मीठ कमी आहे हे सगळ्या गल्लीला कळायचं. मला त्याची शरम वाटे. कॉलेजातले मित्र घरी आले की मी अण्णांना हळू बोलायला सांगायचो, आणि ते हळू बोलायचे तेव्हा समोरच्या घरापर्यंतच ऐकू जायचं. पुढे नवा मोठा स्टँड झाला, टेप केलेला एका बाईचा गोड आवाज आला आणि अण्णा रिटायर झाले. तीस वर्षं माइकपुढे बसलेल्या माणसाच्या आवाजाची एकही कॅसेट कुणाकडे नाही. मी शोधून बघितलंय. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

अण्णांची शाळा निजामाच्या राज्यातली, म्हणून सगळं शिक्षण उर्दूतून. मराठी बोलत अस्सल मराठवाडी, पण लिहायची वेळ आली की हात उजवीकडून डावीकडे धावायचा. बाळबोध अक्षर त्यांना एकेक करून जुळवावं लागे. आम्हा भावंडांना त्यांनी मराठी शाळेत घातलं. मी आठ-नऊ वर्षांचा असताना रविवारी पाटी घेऊन मला अलिफ, बे शिकवायला बसायचे. मी दोन रविवार बसलो. तिसऱ्या रविवारी क्रिकेटला पळालो आणि संध्याकाळी म्हणालो, याचा आता काय उपयोग? ते म्हणाले, "हौ, ते बी खरंच हाय," आणि पाटी माळ्यावर ठेवून दिली.

कुकटपल्लीतल्या ज्या कारखान्यात मी इंजिनिअर होतो तिथे हळद-मिरचीची पाकिटं भरणारी यंत्रं बनत. बेगम बाजारातले व्यापारी आमचं गिऱ्हाईक. मग देशाची दारं उघडली, आमच्या मालकांनाही परदेशाचे डोहाळे लागले आणि खरोखरच इझमीरजवळच्या सुक्या अंजिरांच्या एका कारखान्याने आमची दोन यंत्रं मागवली. ती बसवून चालू करून द्यायला मला दोन महिन्यांसाठी पाठवलं. घराण्यातला पहिला पासपोर्ट माझा. अण्णांनी तो हातात घेऊन प्रत्येक कोरं पान उलटून पाहिलं होतं.

घरी फोन नव्हता. नंबर लावून वर्षं झाली होती. त्यामुळे ठरलं असं, की दर रविवारी तिथल्या पाचला, म्हणजे आपल्या साडेसातला, मी आमच्या नाक्यावरच्या एसटीडी बूथवर फोन करायचा आणि घरच्यांनी तिथे येऊन थांबायचं. बूथवाले चाचा अण्णांच्या वयाचे होते. काचेच्या केबिनबाहेर दोन स्टुलं मांडून ठेवायचे. आई पाच मिनिटं बोलायची, माझी मोठी बहीण, अक्का, तीन मिनिटं, आणि अण्णा शेवटी येऊन "ठीक?" विचारायचे, ते मला रिसीव्हर कानापासून लांब धरून ऐकावं लागे.

तर तो रविवार. तिथल्या कारखान्यातला एक तरुण इंजिनिअर मला म्हणाला, नुसती यंत्रं काय बघतोस, चल, तुला एक जुनं गाव दाखवतो. गाव डोंगराच्या उतारावर होतं. खाली अंजिराच्या आणि पीचच्या बागा, वर एकावर एक पांढरी घरं, लाल कौलं, आणि प्रत्येक घराला इतक्या खिडक्या की मोजताना चुकायला होई. दगडी गल्लीतून गाड्या जात नव्हत्या, फक्त माणसं आणि गाढवं. बायका दारात बसून लेस विणत होत्या, सुकलेल्या रानपाल्याच्या जुड्या विकत होत्या. कॉफी प्यायलो, तळाशी चिखल. वर एक पडकं चर्च होतं. छत गेलेलं, भिंतीवरच्या संतांचे डोळे कुणीतरी टोचून काढलेले, आत कबुतरं. माझ्या सोबत्याने सांगितलं, की ज्या ग्रीकांनी हे गाव बांधलं त्यांना सत्तर वर्षांपूर्वी एका कराराने समुद्रापलीकडे धाडलं, आणि पलीकडून तसेच हाकललेले लोक इथे आणून बसवले. त्यातलीच एक आजीबाई गल्लीच्या खालच्या टोकाला राहत होती. तिने आम्हाला हाक मारून चहाला बसवलं.

तिच्या दारावरच्या पट्टीवर ग्रीक अक्षरं कोरलेली होती. मी विचारलं, काय लिहिलंय? तिला माहीत नव्हतं. आयुष्यभर त्या दारातून ये-जा केलेली बाई. समोर एक दगडी पाणपोई होती, तिच्यावर संगमरवराचा तुकडा आणि त्यावर चार ओळी. ही अक्षरं ग्रीक नव्हती. मी ओळखली. अण्णांच्या हातची अक्षरं! सोबती म्हणाला, ही आमची जुनी लिपी. आमच्या आजोबांच्या काळी बदलली, आता कुणालाच वाचता येत नाही. मला हसू आलं. मी म्हटलं, कमाल आहे तुमची, आजोबांनी लिहिलेलं नातवाला वाचता येत नाही! हैदराबादेत दर दुसऱ्या दुकानाच्या पाटीवर ती लिपी बघत मोठा झालेला मी, घरात ती लिहिणारा बाप असलेला मी, हे बोलत होतो. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

मग मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, माझे वडील हे वाचून दाखवतील. फोटो काढून नेतो.

आजीबाई उठलीच. ओळींवर जागोजागी पांढरा चुना थापलेला होता. ती सुरी घेऊन आली आणि एकेक अक्षर खरवडायला लागली, मग ओल्या फडक्याने पुसायला लागली. मीही बाह्या सरसावल्या. फिल्ममध्ये दोनच फोटो उरले होते आणि दगड सावलीत होता. सोबती म्हणाला, अर्ध्या-पाऊण तासात ऊन समोरून येईल, मग अक्षरं उठून दिसतील. पण तुझा घरचा फोन? कॉफीवाल्याकडे फोन आहे, हवं तर तिथून कर. मी घड्याळ बघितलं. पाचला दहा कमी होते. कॉफीवाला वरच्या गल्लीत होता, चढ चढून जायचं होतं. आणि मी म्हणालो, एक रविवार चुकला तर काय आभाळ कोसळणार आहे? हे वाक्य मी बोललो ते इंग्रजीत होतं की मनातल्या मनात मराठीत, आठवत नाही. बोललो एवढं खरं.

ऊन आलं. फोटो छान आले.

गेस्टहाऊसवर पोचलो तेव्हा सात वाजले होते. तरी फोन लावला. चाचांनी उचलला. म्हणाले, "बहुत देर बैठे थे साब, तीनों. अब्बीच गए. तुम्हारे बाबा तो उठतेच नै थे." मी म्हटलं, सांगा, पुढच्या रविवारी नक्की करतो. चाचांनी जी साब म्हणून फोन ठेवला. त्यांनाही ऑपरेशनचं बोलायची बंदी होती, हे मला मागाहून कळलं.

पुढच्या रविवारी एकटी अक्का होती. अण्णा कुठे आहेत, तर म्हणे घसा बसलाय. त्याच्या पुढच्या रविवारी अजून बसलेलाच. मी विनोद केला, चला, गल्लीला तेवढीच विश्रांती! अक्का हसली. कशी हसली असेल ती.

मे महिन्यात परत आलो. दार अण्णांनीच उघडलं. गळ्यात मफलर. हैदराबादच्या उन्हाळ्यात मफलर बघून मी म्हणालो, हे काय सोंग? त्यांनी माझा खांदा थोपटला आणि तोंड उघडलं, तर मफलरच्या मागून नुसता वारा आला.

मी अक्कावर इतका ओरडलो की आवाज अण्णांवरच गेला असावा. "मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू काम टाकून आला असतास."

"आलोच असतो!"

"हौ, म्हणूनच नाही सांगितलं. अण्णा म्हणाले, परमुलखात पोरगा एकटा हाय, त्याच्या जिवाला घोर नक्को. त्या रविवारी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून निघाले. म्हणाले, आज पहिल्यांदा मी बोलणार, तुम्ही मागून बोला. साडेसातला जाऊन बसले ते दोन तास. फोन वाजला की उठायचे. दुसऱ्याचाच असायचा."

आमच्या लोकांची ही माया. दुखणं लपवायचं, मरण लपवायचं, माणूस परत आल्यावर दारातच सगळं त्याच्या अंगावर टाकायचं, आणि वर त्याला चिडायचाही हक्क ठेवायचा नाही. मला त्या सगळ्यांचा राग आला. अजूनही येतो. पण त्यांनी मला एक वेळ दिली होती, ती मी पाळली नाही, हे कुणाच्या माथी मारू?

फोटो धुऊन आले. त्यातला एक मी अण्णांपुढे ठेवला. चष्मा लावून त्यांनी तो खिडकीकडे धरला आणि पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं. ओठ हलायला लागले. ते मोठ्याने वाचत होते. ओळीच्या शेवटी थांबत होते, ठेका धरत होते, गाडी पुकारताना हात वर करायचे तसा डावा हात थोडा वर जात होता, आणि गळ्यातल्या भोकातून फुस्सफुस्स हवा येत होती. चारही ओळी त्यांनी अशाच वाचल्या. आई स्वयंपाकघरात निघून गेली.

माळ्यावरची माझी जुनी पाटी आता त्यांच्या उशाशी असे. तिच्यावर माझ्यासाठी म्हणून त्यांनी बाळबोधीत, वाकडीतिकडी अक्षरं जुळवत लिहिलं: "भाषा तुर्की. मरहूम आणि रूह एवढं कळलं. कोणी मेलं. त्याच्यासाठी पाणी." एवढं लिहायला त्यांना मोठा वेळ लागला. घाम आला होता. आजीबाईला मी हे कळवणार होतो. कधीच कळवलं नाही.

मग मी विचारलं. विचारू नये असं पंधरा दिवस ठरवत होतो, तरी विचारलं. "अण्णा, त्या रविवारी काय सांगायचं होतं मला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाहीने पाटी पुसली आणि भराभर एक ओळ लिहिली, उजवीकडून डावीकडे. या वेळी बाळबोध अक्षरं जुळवत बसायचा धीर त्यांच्यात नव्हता. पाटी माझ्याकडे केली. मी त्या ओळीकडे बघत राहिलो. एक अलिफ ओळखता आला, उभा असतो म्हणून. त्यांच्या लक्षात आलं. जाऊ दे, असा हात करून ते पुसायला लागले, तेवढ्यात मी पाटी हिसकावून घेतली आणि चप्पल घालून बाहेर पडलो.

नाक्यावर चाचांचा बूथ उघडा होता. आत कुणीतरी दुबईला ओरडून बोलत होतं. मी पाटी त्यांच्यापुढे धरली. आई-बापाचं काही खासगी असेल, परक्याने वाचू नये, हे मनात आलं, पण दुसरा इलाज नव्हता. चाचांनी चष्मा वर केला, पाटी डोळ्यांजवळ नेली आणि लगेच खाली केली.

"कुछ खास नहीं लिखे," ते म्हणाले.

"जे आहे ते वाचा चाचा."

त्यांनी वाचलं. "कहना कुछ नहीं था. बात करनी थी."

मी पुन्हा वाचायला लावलं. तेवढंच होतं. केबिनबाहेरची दोन स्टुलं तिथेच होती. चाचा बस म्हणाले, मी बसलो नाही.

अण्णा त्यानंतर चार वर्षं होते. डॉक्टरांनी गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र आणायला लावलं होतं. ते त्यांनी एकदाच लावलं, त्यातून निघालेलं ऐकून कपाटात ठेवलं आणि परत कधी काढलं नाही. मी उर्दू शिकायला लागलो आणि सोडलं. त्या चार वर्षांत आमचं जे काही चाललं त्याला बोलणं म्हणवत नाही.

त्या दिवशी बूथवरून मी पाटी बगलेत धरून घरी आलो. अंगाला घाम होता. घरात येऊन बघितलं तर ओळ सदऱ्याला पुसून गेली होती. अण्णांनी कोरी पाटी माझ्या हातातून घेतली, उशाशी ठेवली, आणि जेवायला चल, अशी खूण केली.