तांबड्या दोऱ्यातलं कार्ड

छाटसरांना चूक सापडली की ते दोऱ्याचं रीळ मागायचे. आदळआपट नाही, कपाळाला हात नाही. "आक्का, तांबडा द्या," म्हणायचे, पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर चूक लिहायचे, भोक पाडून जुडीत ओवायचे. मी तेव्हा तेवीस वर्षांची, टिळकवाडीतल्या वकिलांची लेक, पदवीला पहिली आलेली, त्यांच्या हाताखाली नुकतीच लागलेली. आणि माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा माणूस मला आक्का म्हणतो! राग यायचा. नाकाच्या शेंड्यावर राग बाळगण्याचं शिक्षण घरातूनच उत्तम झालं होतं.

ऐंशीच्या दशकातलं बेळगाव. आमच्या कॉलेजात एकुलता एक कॉम्प्युटर आला होता आणि सर त्याच्यासाठी मुलांना सोपी जाईल अशी नवी प्रोग्रॅमिंगची भाषा तयार करत होते. भाषा कागदावर झकास होती. ती मशीनला समजावून सांगणारा कंपायलर मात्र पावलोपावली अडखळायचा. स्टाफरूममध्ये एकानं खोचकपणे विचारलं, "आज्ञा मराठीत ठेवणार की कानडीत?" सर म्हणाले, "कुठल्याबी ठेवा. चुका दोन्हीकडं सारख्याच निघत्यात."

चुकीच्या कार्डाला ते छाट म्हणायचे, त्यावरूनच आम्ही त्यांना छाटसर म्हणायचो; हा शब्द त्यांनी निपाणीहून आणलेला. त्यांची आई तिथं विड्या वळायची. कारखान्यात तपासनीस नापास विड्या बाजूला फेकायचा, ती छाट. "आईला जल्मात कुणी दाखवलं न्हाय, की बाई, तुजी विडी हितं सैल ऱ्हायली. नुसती फेकली. मी फेकणार न्हाय." म्हणून प्रत्येक कार्डावर तीन नावं असायची: चूक कुणाला सापडली, कुणी दुरुस्त केली, पुन्हा चालवून कुणी पाहिली. तिसरं नाव पडलं की तांबडा दोरा सुटायचा आणि पांढरा लागायचा. ते तिसरं नाव बहुधा माझं.

भाषेत जे अजून घातलंच नव्हतं, अपूर्णांक वगैरे, त्याची निळ्या दोऱ्यात वेगळी जुडी. मी एकदा म्हटलं, "सर, सगळं एकातच बांधू की." त्यांनी मान हलवली. "नसल्यालं सांगून टाकता येतंय, आक्का. चुकल्यालं मातुर हाय-हाय म्हणून फसवतंय."

मग बेंगळूरहून समिती येणार असं कळलं. भाषा पास झाली नाही तर मशीन परत, विभाग बंद आणि सरांची तात्पुरती नोकरीही संपली. एक चूक दुरुस्त करावी तर दोन नव्या उगवायच्या. तांबडी जुडी मुठीत मावेना. वडगावातल्या खोलीवरून सायकलवर आणलेला डबा सर न उघडताच परत न्यायला लागले. एका दुपारी जुडी मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "ह्यो डोंगर हाय का खड्डा, मला आता कळंना झालंय."

त्यातच ते कार्ड. एखादी गोष्ट शून्य वेळा कर म्हटलं, तरी मशीन ती एकदा करायचंच. सरांनी दुरुस्ती केली आणि कार्ड माझ्याकडं दिलं. मी मनात म्हटलं, शून्य वेळा करायला कोण शहाणा सांगणार आहे? पदवीला पहिल्या आलेल्या मुलींना शंका येत नसतात. मी न चालवताच सही ठोकली, पांढरा दोरा बांधला, वर हौसेनं फुलाची गाठ मारली.

समितीतल्या एका म्हाताऱ्या सदस्यानं अगदी साधा प्रोग्रॅम दिला: गावागावाप्रमाणे विद्यार्थ्यांची यादी. निपाणीची नावं बरोबर आली. कणकुंबीचा त्या वर्षी एकही विद्यार्थी नव्हता. तरी कणकुंबीखाली एक नाव छापून आलं, निपाणीतलं शेवटचं.

"हा मुलगा दोन्हीकडं राहतो वाटतं?" ते म्हणाले. बाकीचे हसले.

सरांनी पांढरी जुडी काढली, शून्य वेळांचं ते कार्ड शोधलं. फुलाची गाठ पाहिली. मग माझ्या सहीवर अंगठा ठेवला.

"हे पुन्हा चालवून कुणी पाहिलं होतं?" त्या सदस्यानं विचारलं.

"मीच, साहेब," सर म्हणाले.

मी शेजारीच उभी होते. कणकुंबीखालचं ते एक नाव पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

महिन्याभरात मशीन गेलं. सरही निपाणीला निघाले. दारात त्यांनी ते कार्ड माझ्या हातात दिलं.

"ही तुमची छाट, आक्का. परत घ्या."

"सर, मी त्या दिवशी…"

"व्हय. गाठ बघूनच कळलंतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"त्यास्नी दाखवायचं कुठं येतंय? फेकलं असतं तुमाला." त्यांनी माझ्या सहीवर बोट ठेवलं. "हितं सैल ऱ्हायलं, बघा."

सायकलवर बसले आणि गेले. पुन्हा भेट झाली नाही.

कार्ड माझ्या कपाटात आहे. फुलाची गाठ सोडून त्यांनी त्याला तांबडा दोरा बांधला होता. पुढं तीस वर्षं मी कॉलेजात शिकवलं, पोरांच्या चुका चालवून चालवून तपासल्या, त्यांची डोकी खाल्ली. पण हे एवढं एक पुन्हा चालवून पांढऱ्या दोऱ्यात घालायचं म्हटलं, तर ते मशीन आता कुठून आणू?