पाठमोरी आई

सुट्टीत घरी आलेल्या सईने, माझ्या लेकीने, एकाच मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेच्या पुस्तकावरून, केलेल्या दोन ॲनिमे मालिका मला दाखवल्या. एक जुनी, एक नवी. दोन्हींच्या शेवटी मुलाला शहरात सोडून आई परत निघते. जुनीत ती पाठमोरी उभी असते आणि चित्र कितीतरी वेळ हलतच नाही. नवीत तिचे केस उडतात, ती वळते, गालावर पाणी ओघळतं.

"जुनी मालिका करणाऱ्यांना इतकी चित्रं काढणं परवडत नव्हतं गं," सई म्हणाली.

मी मूळ पुस्तक मागितलं आणि सवयीने आपल्यासारखं डावीकडून उघडलं. ते वाचायचं उजवीकडून, त्यामुळे शेवटचंच पान समोर आलं. तिथेही आई पाठमोरीच होती. चित्रकाराने चेहरा काढला नव्हता; तो बघणाऱ्याने आपल्या पदरचा भरायचा होता.

"जुनीच खरी," मी म्हणाले.

"पण तिला काय वाटतंय ते कळणार कसं?"

"तुला हॉस्टेलवर सोडून निघाले, तेव्हा फाटकापर्यंत मी एकदाही वळले नव्हते. तुला कळलं नव्हतं?"

सईने पुस्तक माझ्या हातून घेतलं आणि ती चित्रातल्या त्या पाठीकडे बघत राहिली.